फॉरमॅट सगळ्यात शेवटी

भालकी तालुक्यातल्या एका गावात सरकारी मराठी शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी राहत होते. निवृत्तीनंतर त्यांनी ओव्या गोळा करण्याचं काम अंगावर घेतलं. १ नोव्हेंबर १९५६ला जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याकडे गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्राकडे, तर बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे. जात्यावरच्या ओव्यांची वाटणी मात्र कुणाला करता आली नाही. सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात असलेल्या बायकांबरोबर त्या ये-जा करत राहिल्या. गुरुजी भालकी, कमालनगर, औरादच्या खेड्यांतून फिरायचे. म्हाताऱ्या बायकांपुढे मोबाईल ठेवून ओव्या, लग्नातली गाणी, निजामाच्या काळातल्या आठवणी रेकॉर्ड करायचे आणि घरी येऊन जुन्या लॅपटॉपात उतरवायचे. गावाच्या नावाने फोल्डर, बाईच्या नावाने फाइल, अशी सगळी नीट नोंद होती. दुसरी प्रत तेवढी कुठे नव्हती.

एका उन्हाळ्यात ते मुलाकडे पुण्याला गेले. लॅपटॉप कपाटात राहिला. पावसाळ्याच्या तोंडावर परतून त्यांनी बटण दाबलं, तर पंखा फिरला, कंपनीचं चिन्ह आलं आणि पाठोपाठ काळ्या पडद्यावर एक पांढरी इंग्रजी ओळ उमटली. सुरू करता येईल अशी डिस्क सापडत नाही, असा तिचा अर्थ. पुन्हा बंद केला, पुन्हा लावला, ओळ तीच.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, लई जुना झालाय तो. ठेवून द्या, नवा पाठवतो."

तालुक्याच्या दुकानातल्या पोराने पडद्याकडे बघितलं न बघितलं आणि सांगितलं, "विंडोज उडालीय गुरुजी. फॉरमॅट मारतो. संध्याकाळी घेऊन जावा."

"आतलं राहील ना?"

"आतलं काही सांगता येत नाही. मशीन मात्र चालू करून देतो."

गुरुजी मान हलवणार, तेवढ्यात सोबत आलेली भाची मधे पडली. ती बीदरला बीसीए करत होती. "मामा, थांबा जरा. आतलं गेल्यावर मशीन चालू होऊन आपल्याला काय करायचंय?"

दुसऱ्या दिवशी दोघं बसने बीदरला गेले. जुन्या शहरात, महमूद गवानच्या मदरशाच्या बाजूला एका चाचांचं दुरुस्तीचं दुकान होतं. पूर्वी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर, आता लॅपटॉप. चाचांनी स्क्रूड्रायव्हर उचलला नाही. आधी विचारायला सुरुवात केली. शेवटचा नीट कधी चालला? मधे कुठे पडला का? पाणी सांडलं का? बंद करताना अपडेट चालू होतं का? त्या दिवसांत जवळपास वीज पडली का? डिस्कमधून टकटक असा आवाज येतो का?

"तसलं काहीच नाही," गुरुजी म्हणाले. "उन्हाळाभर कपाटात होता. त्याची बॅटरी केव्हाच गेलीय, चार्जर लावूनच चालवतो."

"आवाज नाही ते बरं झालं," चाचा म्हणाले. "टकटक येत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू करून बघायचंच नाही. तशी डिस्क प्रत्येक फेरीत आणखी खराब होते." मग भाचीला म्हणाले, "नौबादची कारेज बघितलीस का बेटी?"

तिने बघितली होती. बीदरच्या मुरमाड, जांभ्या दगडाच्या पठाराखालून पाणी आणण्यासाठी बहमनी काळात, पंधराव्या शतकात, इराणी पद्धतीने खोदलेला तो भूमिगत कालवा. झऱ्यापासून वस्तीकडे अगदी हलका उतार, त्यामुळे पाणी आपल्या पायांनी चालत येतं. वरून ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी सोडलेल्या, हवा-उजेडासाठी आणि आत उतरून गाळ काढण्यासाठी.

"तोंडाशी पाणी आलं नाही म्हणून झरा आटला असं म्हणायचं नाही," चाचा म्हणाले. "एकेक विहीर बघत जायची. हिच्यात पाणी आहे, पुढचीत नाही, म्हणजे गाळ ह्या दोन्हींच्या मधे. तेवढाच काढायचा. हे मशीनही असंच सुरू होतं."

आणि त्यांनी तो क्रम सांगितला. बटण दाबलं की आधी वीज येते. मग मदरबोर्डच्या चिपमध्ये कायम लिहून ठेवलेला एक छोटा प्रोग्राम जागा होतो, त्याला जुनी माणसं बायोस म्हणतात. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेतो. कोणत्या डिस्कवरून सुरुवात करायची, हे स्वतःच्या नोंदीत बघतो. तिथे बूटलोडर शोधतो. बूटलोडर विंडोजचा गाभा मेमरीत आणतो आणि तेव्हा कुठे आपला नेहमीचा पडदा दिसतो. यातलं एक पाऊल अडलं की पुढची सगळी थांबतात, आणि माणूस म्हणतो, लॅपटॉप मेला.

पहिली तपासणी विजेची. चार्जर काढला, निकामी बॅटरी काढली आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, म्हणजे आत साठलेला विद्युतभार उतरतो. बऱ्याचदा एवढ्यानेही मशीन शुद्धीवर येतं. हे आलं नाही. दुसरी तपासणी हजेरीची. चिन्ह दिसतंय, बीप वाजत नाही, म्हणजे मेमरी आणि पडदा ठीक. तिसऱ्या वेळी चाचांनी सुरू होताहोता एफ-२ दाबून बायोसचा पडदा उघडला. तिथे डिस्कचं नाव आणि तिचा आकार स्वच्छ लिहिलेला होता.

"झरा जिवंत आहे गुरुजी," ते म्हणाले.

भाचीचं लक्ष मात्र वरच्या कोपऱ्यात होतं. "चाचा, तारीख बघा. १ जानेवारी, आणि वर्ष कितीतरी मागचं."

"शाबास! आता कळलं काय झालंय ते."

"मग करा की नीट," गुरुजी अधीर होऊन म्हणाले.

"घाई नक्को. आधी तुमचा माल बाहेर काढू."

त्यांनी लिनक्स असलेला एक पेन ड्राइव्ह लावला आणि लॅपटॉप त्याच्यावरून सुरू केला. आतल्या विंडोजला हात न लावता डिस्क उघडली, तीही नुसतं वाचता येईल, लिहिता येणार नाही अशी. पडद्यावर फोल्डर आले आणि गावांची नावं ओळीने दिसली. गुरुजींनी टेबलाची कड घट्ट धरली. त्या यादीतल्या कितीतरी बायका आता हयात नव्हत्या. त्यांचा आवाज जगात एवढ्या एकाच ठिकाणी होता. चाचांनी दुसरी डिस्क जोडून सगळी नक्कल सुरू केली. ती पुरी झाल्यावर मधल्या चार-दोन फाइली गुरुजींना वाजवून बघायला लावल्या.

नक्कल होईपर्यंत त्यांनी दारातून दिसणाऱ्या मदरशाकडे बोट केलं. महमूद गवानने १४७२ मध्ये तो पुरा केला. त्याच्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखितं होती असं सांगतात. पुढे त्याच इमारतीत दारूगोळा ठेवला गेला आणि १६९६ मधल्या स्फोटात तिचा मोठा भाग कोसळला. "भिंत पुन्हा बांधता येते गुरुजी. एकच प्रत असलेली पोथी जळाली की ती कोण लिहिणार?"

मग त्यांनी लॅपटॉप उघडला. मदरबोर्डला एक बटणासारखी बॅटरी जोडलेली होती. सीआर २०३२ हे तिचं नाव, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. ती ३ व्होल्टची असायला हवी. मीटरवर त्याहून कितीतरी कमी आकडा आला. लॅपटॉप बंद असताना घड्याळ आणि बायोसची नोंद सांभाळणं हे तिचं काम. मोठी बॅटरी आधीच गेलेली, त्यात उन्हाळाभर चार्जर नाही, त्यामुळे हीही संपली. त्या जुन्या मशीनमधली नोंद पुसली गेली आणि बायोस कारखान्यातल्या मूळ सवयीवर गेला. विंडोज बसवली होती यूईएफआय या नव्या पद्धतीने, बायोस तिला शोधत होता लेगसी या जुन्या पद्धतीने. डिस्क होती, विंडोज होती, गुरुजींच्या ओव्या होत्या. हुकलेली होती ती फक्त शोधण्याची पद्धत.

चाचांनी नवी बॅटरी घातली, तारीख लावली, लेगसीच्या जागी यूईएफआय निवडलं आणि बदल जतन केला. विंडोज जशी होती तशी उघडली.

भाची म्हणाली, "१९ जुलै २०२४ला असंच झालं होतं मामा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक चुकीचं अपडेट गेलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होईनात. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यायची वेळ आली. पण माहिती कुठे गेली नव्हती. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक चुकीची फाइल काढली की मशीन उठत होतं."

"त्या दिवशी सगळ्यांनी फॉरमॅट मारलं असतं तर?" चाचांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कागदावर चार ओळी लिहून भाचीच्या हातात दिल्या. आधी विचार. मग बघ. मग नक्कल कर. जे उलटं फिरवता येत नाही, ते सगळ्यात शेवटी.

गावी परतताना दोघं तालुक्याच्या त्याच दुकानात थांबले. गुरुजी पोराला रागावले नाहीत. शेजारी बसवून त्यांनी त्याला सगळा क्रम समजावला आणि भाचीने पेन ड्राइव्ह कसा तयार करायचा ते दाखवलं. पोरगं मन लावून ऐकत होतं. शेवटी म्हणालं, "गुरुजी, आम्हाला फॉरमॅट मारायलाच शिकवलं. विचारायला कुणी शिकवलंच नाही." त्या दिवसापासून दुकानात आलेल्या प्रत्येकाला तो पहिला प्रश्न हाच विचारतो: आत काय आहे, आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे?

ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत. एक गुरुजींच्या घरी, एक भाचीकडे बीदरला, एक मुलाकडे पुण्याला. लॅपटॉप ज्या दिवशी खरंच मरेल, त्या दिवशी फक्त लॅपटॉपच मरेल.

तात्पर्य: बिघाड कुठे आहे हे कळण्याआधी इलाज ठरवू नये. अडलेलं यंत्र असो, नापास झालेलं पोर असो की तुटू लागलेलं नातं असो, पुसून नवं मांडण्याचा सल्ला पटकन मिळतो, कारण तो देणाऱ्याचं त्यात काही जात नाही. ज्याचं जाणार आहे त्याने थांबावं, विचारावं, एकेक पायरी तपासावी. पुष्कळदा आतलं सगळं शाबूत असतं, आणि ते नीट करायला एक छोटीशी दुरुस्ती पुरते.