एका छताखाली दोन वेद्या



आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल करिंथच्या मंडळीवर नाराज आहे. ख्लोवेच्या घरच्या माणसांनी त्याच्या कानावर घातले, की इथे कोणी स्वतःला पौलाचा म्हणवतो, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. पौल त्यांना विचारतो, की मग ख्रिस्ताचे तुकडे झाले आहेत काय? 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा 1908 साली सुरू झाला. आपणही दर वर्षी या आठवड्यात मिस्साबलिदानात एक प्रार्थना वाचतो, 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हणतो आणि घरी जातो. खरे सांगायचे तर आम्हीही त्यापलीकडे फारसे काही केलेले नाही.

या वर्षी मात्र ती प्रार्थना कागदावर उतरून आपल्या दारात आली. आपल्या शेजारच्या प्रोटेस्टंट मंडळीच्या प्रार्थनामंदिराचे छप्पर पावसाळ्यापूर्वी उतरवावे लागणार आहे. तोवर रविवारी संध्याकाळी उपासनेसाठी आपल्या धर्मग्रामाचा हॉल मिळेल का, असे त्यांच्या पाळकांनी नम्रपणे विचारले. ते पत्र आम्ही तीन आठवडे खणात ठेवले. 'बघू' असे उत्तर तोंडी दिले. धर्मगुरूच्या तोंडी 'बघू' म्हणजे काय, हे आपण सर्व जाणता. त्याबद्दल आम्ही त्या पाळकांची क्षमा मागितली आहे आणि आज आपलीही मागतो.

पत्राची बातमी फुटल्यावर अनेकजण भेटले. 'आज हॉल मागतात, उद्या वेदी मागतील' असे कोणी म्हणाले. 'आपली तरुण मुले तिकडे ओढली जातील' अशी भीती एका मातेने बोलून दाखवली. आणि सर्वांत जास्त काळजी कशाची, तर एप्रिल-मेमधल्या लग्नांच्या बुकिंगची! हसू नका, तीही काळजी खरीच आहे. पण उत्तर देण्याआधी आपल्याला एका मंदिराची हकीकत सांगावीशी वाटते.

जर्मनीच्या पूर्व टोकाला, पोलंड आणि चेक देशाच्या सीमेजवळ, श्प्रे नदीच्या काठी बाउत्सेन नावाचे छोटे शहर आहे. लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास. तिथे जर्मनांबरोबर सोर्ब नावाचा छोटा स्लाव्ह समाज राहतो. त्यांची भाषा वेगळी, आणि त्यांच्यातही काही कॅथोलिक तर काही प्रोटेस्टंट. शहराच्या मधोमध संत पेत्राचे मंदिर आहे. 1524 साली या मंदिरात लूथरच्या मताची प्रवचने सुरू झाली आणि बघता बघता बहुतेक नागरिक व नगरपालिका लूथरच्या बाजूने गेली. मंदिराची सेवा करणारे धर्मगुरूंचे मंडळ मात्र कॅथोलिकच राहिले. तो प्रदेश बोहेमियाच्या राजाच्या ताब्यात होता आणि राजाही कॅथोलिक. म्हणजे शहर एकाचे, राजा दुसऱ्याचा. नगरपालिकेला धर्मगुरूंना हाकलता येईना, धर्मगुरूंना शहराला परत वळवता येईना. शेवटी वाटणी झाली. वेदीकडचा पुढचा भाग कॅथोलिकांकडे राहिला, लोकांच्या बसण्याचा मोठा भाग प्रोटेस्टंटांकडे गेला. मध्ये जाळी उभी राहिली, दोन पुरुषांहूनही उंच.

तेव्हा या कहाणीची सुरुवात प्रेमातून झाली असे आम्ही सांगणार नाही. ती झाली नाइलाजातून. दोघांपैकी कोणालाही जिंकता आले नाही, म्हणून दोघे एका छताखाली राहिले. आपल्या कित्येक घरांत दोन भावांची चूल वेगळी होते, पण ओटी एकच राहते, तसेच काहीसे.

त्या काळी तिथे योहान लाइझेनट्रिट नावाचे कॅथोलिक धर्मगुरू होते. 1559 साली ते मंडळाचे प्रमुख झाले आणि 1586 साली मरण येईपर्यंत त्या जागी राहिले. ते रोमशी शेवटपर्यंत एकनिष्ठ होते. श्रद्धेच्या बाबतीत ते पातळ होते असे कोणीही म्हणणार नाही. पण आपली माणसे शेजाऱ्यांच्या भक्तिगीतांकडे ओढली जात आहेत, हे त्यांनी ओळखले. मग त्यांनी काय करावे? 1567 साली त्यांनी लोकांच्या भाषेत, म्हणजे जर्मनमध्ये, एक मोठे गीतपुस्तक छापले आणि त्यात प्रोटेस्टंट संग्रहांतूनही गीते घेतली. जिथे गरज वाटली तिथे बदल करून, पण घेतली. तरुण मुले ओढली जातील म्हणणाऱ्या त्या मातेला आम्ही हेच सांगू इच्छितो. लाइझेनट्रिट यांनी गाण्याला गाण्याने उत्तर दिले. आपल्या संध्याकाळच्या रोझरीला किती तरुण येतात, हा प्रश्न आपण हॉलच्या चावीआधी स्वतःला विचारायला हवा.

पुढे तीस वर्षांच्या युद्धात, 1634 साली, बाउत्सेन जळाले आणि त्यात हे मंदिरही जळाले. जाळीच्या अलीकडचे आणि पलीकडचे असा भेद आगीने केला नाही. 1635 साली तो प्रदेश सॅक्सनीच्या लूथरन राजकर्त्याकडे गेला, पण तिथल्या कॅथोलिक संस्थांना हात लावायचा नाही या अटीवर. 1921 साली माइसनचे जुने धर्मप्रांत पुन्हा उभे राहिले तेव्हा महागुरुस्वामींचे आसन याच अर्ध्या मंदिरात आले. 1980 साली ते ड्रेसडेनला गेले.

आणि ती जाळी? ती 1952 साली उतरवून साधारण कंबरेइतकी ठेवण्यात आली. तेव्हा पूर्व जर्मनीत कम्युनिस्ट राजवट होती आणि दोन्ही बाजूंच्या भाविकांचे दिवस कठीण होते. आजही तिथे दोन वेद्या आहेत, दोन ऑर्गन आहेत, उपासनेच्या वेळा ठरलेल्या आहेत. प्रभुभोजन अजून एकत्र नाही. 1999 साली आउग्सबुर्ग इथे कॅथोलिक ख्रिस्तसभा आणि लूथरन महासंघ यांनी तारणप्राप्तीविषयीच्या जुन्या वादावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तरीही ख्रिस्तशरीराची मेज एक झालेली नाही. ज्या घरांत पती कॅथोलिक आणि पत्नी प्रोटेस्टंट आहे, अशी काही घरे आपल्या धर्मग्रामातही आहेत. मिस्साच्या वेळी रांगेत एकजण उठतो आणि दुसरा बाकावर बसून राहतो. ते दुःख त्यांना विचारा. ते आम्ही एका प्रवचनाने पुसू शकत नाही आणि पुसल्यासारखे दाखवणारही नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आम्हाला कोरडा वाटायचा. माणूस आधी न्यायी होतो आणि मग न्यायाने वागतो असे नाही, तर न्यायाने वागता वागता न्यायी होतो, असा त्याचा आशय आहे. आम्हाला वाटायचे, हे तर उलटे झाले. आधी अंतःकरण पालटायला हवे. बाउत्सेनची हकीकत वाचल्यावर त्याचा अर्थ कळला. तिथे आधी अंतःकरणे पालटली नाहीत. आधी वेळापत्रक ठरले. कोणी कधी घंटा वाजवायची, कोणत्या दाराने आत यायचे, असल्या क्षुल्लक गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या पाळल्या गेल्या. दुसऱ्याची उपासना चालू असताना गप्प बसायची सवय लागली. चारशेहून अधिक वर्षांनी जाळी खाली आली तेव्हा पलीकडची माणसे अनोळखी राहिलेली नव्हती. संत पौलाचे दमास्कसच्या वाटेवर एका क्षणात परिवर्तन झाले, ते आपण 25 जानेवारीलाच साजरे करतो. देव कोणाला असे विजेसारखे गाठतो, तर कोणाला वेळापत्रकातून. आपला धर्मग्राम दुसऱ्या प्रकारातला असावा असे आम्हाला वाटते.

आता आपल्या हॉलविषयी. कोणी आपली वेदी मागितलेली नाही. ख्रिस्ती ऐक्याविषयी रोमने 1993 साली जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात तर ज्यांना उपासनेची जागा नाही अशा इतर ख्रिस्ती बांधवांना महागुरुस्वामी आपले मंदिरसुद्धा वापरू देऊ शकतात असे म्हटले आहे. आपल्याकडे प्रश्न फक्त हॉलचा, खुर्च्यांचा आणि दोन पंख्यांचा आहे. तरीही आम्ही महागुरुस्वामींना पत्र लिहिले असून उत्तराची वाट पाहत आहोत.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्येच सभा ठेवली आहे. लग्नांच्या तारखांची वही आम्ही घेऊन येऊ; ज्या रविवारी बुकिंग आहे ते रविवार आधीच बाजूला काढू. विजेचे बिल कोणी भरायचे, चावी कोणाकडे राहील आणि संध्याकाळच्या रोझरीची वेळ अर्धा तास अलीकडे घ्यायची का, हे तिथे ठरवू. विरोध असेल त्यांनी तर जरूर यावे. शेजारच्या पाळकांना आम्ही बोलावले आहे, ते येणार आहेत. चहा महिला मंडळाकडे आहे.

आपले धर्मगुरू