भोंगा चुकला तर



आपल्या सोलापुरात गिरण्या चालू होत्या तेव्हा कामगार निर्धास्त झोपत असे. पहाटे भोंगा होणार, याची त्याला खात्री असे. झोपणाऱ्याचा सारा भरवसा जागणाऱ्यावर असतो.

यंत्रांतल्या संगणकांतही असाच भोंगा असतो. त्याला टायमर म्हणतात. हातात काम नसले की प्रोग्राम 'मला इतक्या वेळाने उठव' असे सांगून झोपतो. टायमर चुकला, तर बाकी सर्व ठीक असूनही यंत्र चुकते.

वेळ मोजण्यातली अशी एक चूक १९९१ च्या आखाती युद्धात घडली. सौदी अरेबियात धाहरान येथे येणारी क्षेपणास्त्रे पाडणारी पॅट्रियट यंत्रणा होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत असे. एक-तृतीयांश लिहिताना आपण ०.३३३ वर कुठेतरी थांबतो. तसाच एक-दशांश संगणकाच्या अंकांत पुरता मावत नाही. उरलेला कण सोडून दिला जाई. शंभर तासांत ही चूक सुमारे ०.३४ सेकंदांची झाली. तेवढ्यात क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते. २५ फेब्रुवारीला यंत्रणेने चुकीच्या जागी पाहिले आणि २८ अमेरिकन सैनिक प्राणास मुकले.

दोष आधीच कळला होता. दुरुस्त प्रोग्राम तयारही झाला होता. तो २६ तारखेला पोहोचला. त्यापूर्वी सूचना गेली होती की यंत्र फार वेळ सलग चालले तर नेम सरकू शकतो. 'फार वेळ' म्हणजे किती तास, हे मात्र सांगितले नव्हते. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले असते, तरी घड्याळ शून्यावर आले असते!

मग अपराध कोणाचा? कोणाच्याच मनात दुष्टपणा नव्हता. परंतु संत थॉमस अक्विनास निष्काळजीपणालाही पाप मानतात. आम्हांला वाटते, चूक होणे मानवी आहे. चूक कळली की जबाबदारी सुरू होते. 'आम्ही कळवले होते' एवढ्याने ती संपत नाही. ज्याचा जीव आपल्यावर विसंबला आहे त्याला नेमके काय करायचे ते समजले, म्हणजेच ती पुरी होते.

वृद्ध आईला 'औषध वेळेवर घे' म्हणणे वेगळे आणि 'रात्री आठला ही गोळी' असे सांगून समोर उभे राहणे वेगळे. या आठवड्यात स्वतःला विचारू या: कोणाला आपण अर्धवट सांगून मोकळे झालो आहोत?