मांडवातील दासोह



तुळशीचे लग्न झाले की बेळगाव-निपाणी भागात मांडव उभे राहू लागतात. मंगल प्रसंग, पण तंबाखू विकली जाण्याआधीच सावकाराचे दार गाठलेल्या बापाला त्या मांडवाची सावली कशी वाटत असेल, याचा विचार आपण करतो का?

बाराव्या शतकात कल्याणात एक लग्न झाले. ब्राह्मण कुळातून शरण झालेल्या मधुवरसांची कन्या आणि चर्मकार कुळातील शरण हरळय्यांचा पुत्र, असे ते वधू-वर, अशी परंपरा सांगते. बिज्जळ राजाने दोन्ही पित्यांना देहान्ताची शिक्षा दिली. त्या पंगतीत पक्वान्ने किती होती, हे कोणी लक्षात ठेवले नाही. दोन घरांनी एकमेकांना समान मानले, एवढेच साडेआठशे वर्षे टिकले.

मग आपल्या लग्नात टिकण्याजोगे काय असावे?

पहिली गोष्ट पत्रिकेची. मुलगी निपाणीची, मुलगा गोकाकचा. एका घरात मराठी, दुसऱ्या घरात कन्नड. एकाच कागदावर एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड छापा. जंगमांनाही दोन्ही भाषांत दोन शब्द सांगण्याची विनंती करा. कोपऱ्यात बसलेल्या आजीला नातवाने कोणते वचन दिले, ते कळू द्या.

दुसरी गोष्ट वेळेची. निपाणीत विड्या वळणाऱ्या भगिनींना मजुरी वळलेल्या विड्यांवर मिळते. साडेबाराची अक्षता वरातीतील डॉल्बीपायी तीनला पडली, तर त्या माउलीची मजुरी बुडते. कायकाला कैलास मानणाऱ्यांनी दुसऱ्याचे कायक वाया घालवावे काय?

तिसरी गोष्ट अन्नाची. पाचशे पाहुण्यांनी पन्नास-पन्नास ग्रॅम तांदूळ उधळले, तर पंचवीस किलो धान्य पायाखाली जाते. त्याऐवजी फुलांच्या पाकळ्या द्या आणि तेवढे तांदूळ एखाद्या वसतिगृहाच्या दासोहाला पोचवा. पंगतीत पहिला मान मुलांना, वृद्धांना आणि दुरून आलेल्यांना असावा. मांडव घालणारे, वाजवणारे, भांडी घासणारे हेही पाहुणेच. नवदांपत्याने स्वतःच्या हाताने त्यांना हुग्गी वाढावी. संसाराची याहून शुभ सुरुवात कोणती?

चौथी गोष्ट देण्याघेण्याची. १९६१ च्या कायद्याने हुंडा घेणे हा जसा गुन्हा आहे, तसा देणे हाही गुन्हा आहे. ‘आम्ही काही मागत नाही, तुमच्या हौशीने करा’ हे वाक्य तर मागण्याहूनही जड असते. आहेराचेही तसेच. कोणी किती दिले, हे ध्वनिक्षेपकावरून पुकारले की रिकाम्या हाताने आलेला भाऊ न जेवताच निघून जातो.

वाचकहो, यांतील एकाही गोष्टीला कर्ज काढावे लागत नाही. लागते ते दुसऱ्याचे मन ओळखणे. दासोह म्हणजे नुसते अन्नदान नव्हे. ‘मी देतो’ हा अहंकार सोडून केलेली सेवा म्हणजे दासोह. घरात लग्न ठरले की याद्या करण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसावे आणि प्रत्येक खर्चापुढे एकच प्रश्न लिहावा: हे पाहुण्यांच्या सुखासाठी, की आपल्या नावासाठी? ज्यापुढे ‘नावासाठी’ असे उत्तर येईल, त्यावर रेघ मारावी. पुष्कळ बापांची झोप त्या एका रेघेने परत येईल.

शरणु शरणार्थी.