जाऊन ये

मराठीत घर सोडताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. लहान पोरगं चुकून ‘जातो’ म्हणालं तर घरातली म्हातारी माणसं त्याला तिथल्या तिथे टोकतात. ‘जातो’ म्हणणं अशुभ, एवढंच कारण दिलं जातं. मला वाटतं, त्यात शुभ-अशुभापेक्षा जास्त काही आहे. उंबरा ओलांडताना भाषा आपल्याकडून एक वचन घेऊन ठेवते. कोपऱ्यावरच्या दुकानात निघालेला माणूस आणि सातासमुद्रापार निघालेला माणूस, दोघांकडून तेच वचन, त्याच शब्दात.

मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाणारं थेट विमान साधारण १६ तास हवेत असतं. सुट्टी संपवून परतताना एवढ्या वेळात सिनेमे बघून होतात, झोप येत नाही, आणि मग हा शब्द डोक्यात फिरायला लागतो. ‘येते’ म्हणून निघालेय खरी. पण हे वचन नेमकं कशाचं? आणि ते पाळण्याचा खर्च कोण करतं?

मी कडेगावची. आमचा तालुका पूर्वी खानापूर तालुक्याचा भाग होता. खानापूर, आटपाडी, माण, खटाव हा सगळा पर्जन्यछायेतला पट्टा. कृष्णा आमच्यापासून फार लांब नाही, पण ती खालून वाहते आणि रानं वर. पाऊस येत नाही म्हटल्यावर इथल्या माणसांनीच जायचं ठरवलं. कुणी मुंबईच्या गिरण्यांत गेलं, कुणी गलाईत.

गलाई हा शब्द ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी: जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवून शुद्ध करायचं काम. सोनाराच्या दुकानातली झाडलोटसुद्धा हे लोक घेतात आणि त्या धुळीतून सोन्याचे कण वेगळे काढतात. भट्टीची धग आणि तेजाबाचा धूर यांत आयुष्य जातं. विटा, आटपाडी, कडेगाव, तासगाव या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हे काम घेऊन देशभरच्या सराफ पेठांत पसरली आहेत. माझे वडीलही केरळात भट्टीवर होते. तिथे ते ‘महाराष्ट्रातले’ आणि इकडे आले की ‘केरळवाले’.

ही सगळी माणसं ‘येतो’ म्हणून गेली होती, आणि येत राहिली. गावची जत्रा, दिवाळी, लग्नसराई. कडेगावात त्यात आणखी एक भर, मोहरम. आमच्याकडचे उंच ताबूत प्रसिद्ध आहेत. हिंदू-मुसलमान मिळून ते उभे करतात, आणि त्या दिवशी बाहेरगावी असलेल्या माणसाला गावात असावंसं वाटतंच. गंमत अशी की मोहरमची तारीख चंद्रावर ठरते. २०२३ साली मोहरमचा दहावा दिवस २९ जुलैला आला, २०२४ साली १७ जुलैला आणि २०२५ साली ६ जुलैला. दर वर्षी दहा-बारा दिवस अलीकडे. म्हणजे रजा कंपनीच्या सोयीने काढून चालत नाही, गावाच्या चंद्राप्रमाणे काढावी लागते. वचन पाळायचं तर वेळ दुसऱ्याची धरावी लागते, हे आमच्या गावाने आम्हाला असं शिकवलं.

आता विमानाकडे येते. समोरच्या स्क्रीनवर नकाशा असतो आणि त्यावर छोटंसं विमान सरकत असतं. माझी मुलगी तिकडेच जन्मली. तिच्या दृष्टीने हा घरी जायचा प्रवास. तिची खोली, तिची सायकल, तिच्या मैत्रिणी सगळं पुढे आहे. माझ्या दृष्टीने हा घरून निघाल्याचा प्रवास. बॅगेत कुरडया, सांडगे, शेंगदाण्याची चटणी, आणि वजनकाट्यावर २३ किलोच्या वर गेलं म्हणून मुंबईत काढून ठेवलेलं अर्धं पीठ. एकाच रांगेत शेजारी बसून आम्ही दोघी विरुद्ध दिशांना निघालेल्या असतो.

‘आपलं घर कोणतं?’ हा पेच परदेशी राहणाऱ्या पुरुषांना नवा वाटतो. त्यावर ते कविता करतात. बायकांना तो जुनाच आहे. माहेर आणि सासर ही दोन घरं घेऊन आमच्या आज्या जगल्या. माहेरी लाड असतात, हक्क नसतो. चार दिवस पुरणपोळी मिळते, पण घरातल्या निर्णयात मत विचारलं जात नाही, आणि पाचव्या दिवशी ‘कधी निघणार?’ असं कुणीतरी प्रेमानेच विचारतं. सुट्टीला गावी येणारा प्रत्येक माणूस, मग तो पुरुष असला तरी, आता माहेरवाशीण झालेला आहे. ही तक्रार नाही. माहेर ही सुंदर गोष्ट आहे. मात्र माहेर कुणीतरी चालवत असतं. तिथली चूल आपोआप पेटत नाही.

रामायणातसुद्धा एक लांबचा विमानप्रवास आहे. वनवास आणि युद्ध संपवून राम पुष्पक विमानातून अयोध्येला निघतो. वाल्मीकींचा राम वरून सीतेला एकेक जागा दाखवत जातो: रणभूमी, सेतू, किष्किंधा, जनस्थान. सुट्टीचे फोटो दाखवावेत तसं. पण थेट अयोध्येत उतरत नाही. भरद्वाजांच्या आश्रमाशी थांबतो आणि हनुमानाला पुढे पाठवतो. सांगतो, भरताच्या चेहऱ्याकडे नीट बघ. इतकी वर्षं राज्य सांभाळल्यावर त्याला ते हवंसं वाटत असेल, तर त्यालाच ते करू दे.

आमच्या आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या गदिमांनी १९५५ मध्ये ‘गीतरामायण’ लिहायला घेतलं, आणि मराठी घराघरांत रामाचं हे परतणं गाण्यांतून पोहोचलं. आपण ऐकतो ते मुख्यतः परतणाऱ्याच्या बाजूने. मला मात्र विमानात नेहमी नंदिग्राम आठवतं. तिथे भरत १४ वर्षं वल्कलं नेसून, पादुका सिंहासनावर ठेवून दुसऱ्याचं राज्य चालवत बसला होता. मुदत संपल्यावर राम दिसला नाही तर अग्निप्रवेश करेन, असं त्याने सांगून ठेवलं होतं. ‘येतो’ या शब्दावर एका माणसाने आपला जीव टांगून ठेवला होता. जाणाऱ्याचं वचन राहणाऱ्याच्या खांद्यावर कसं बसतं, ते यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

आणि रामाचं मोठेपण मला त्या एका थांब्यात दिसतं. आपण परत आलो म्हणजे सगळ्यांना आनंद झालाच पाहिजे, असं त्याने गृहीत धरलं नाही. मागे राहिलेल्या माणसाला आता काय हवंय, हे आधी विचारायला माणूस पाठवला.

आमच्या घरात भरत कोण? लोक म्हणतील, भाऊ. तो गावात राहिला, शेती बघतो, आईवडिलांचं करतो. खरं आहे. पण भावाच्या मागे आणखी एक माणूस आहे, वहिनी. आईच्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ. बाबांना भट्टीच्या दिवसांपासून जडलेला खोकला रात्री कधी वाढतो, ते तिला झोपेतही कळतं. तिचं माहेर विट्याजवळ, एसटीने तासाभराच्या आत. मी १२ हजार किलोमीटरवरून माहेरी येते, तेव्हा मला भेटायला, माझं करायला म्हणून तिला घर सोडता येत नाही. माझी सुट्टी शाळेच्या सुट्टीत येते. तिच्या माहेरी जायचे दिवसही तेच. एकीचं माहेरपण दुसरीच्या माहेरपणातून निघतं, असा हा हिशेब आहे. यात कुणी दुष्ट नाही. पिढ्यान्‌पिढ्या घराची घडीच अशी घातलेली आहे.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: ‘आम्ही पैसे पाठवतो.’ ते उत्तर हलकं नाही. आमच्या भागातली कितीतरी देवळं, शाळांच्या खोल्या, बहिणींची लग्नं बाहेर गेलेल्यांच्या पैशावर उभी राहिली आहेत. भट्टीपुढे बसून छाती खराब करून घेतलेल्या माणसाला ‘तू गाव सोडलंस’ म्हणणं हा कृतघ्नपणा ठरेल. जाणाराही किंमत मोजतोच. पण पैसा काही कामं करतो, काही करत नाही. त्यातून नर्स ठेवता येते, गाडी ठेवता येते. रात्री दोन वाजता आईने हाक मारल्यावर ‘ओ’ देणारं माणूस लागतं, आणि ते तिथे असावं लागतं. असण्याची परतफेड पाठवण्याने होत नाही. ही दोन वेगळी नाणी आहेत.

दुसरी गोष्ट आताच्या पिढीची. आमचे आजे-बाप गेले ते दुष्काळाने. भुकेने घालवलेल्या माणसाला कुणी जाब विचारत नाही. पण आता चित्र बदललंय. कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभूपाशी कृष्णेचं पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने वर चढवलं, आणि कडेगाव, खानापूर, आटपाडीच्या रानांत कालवा आला. जिथे कुसळं उगवायची तिथे ऊस उभा आहे. वांगीला साखर कारखाना आहे. म्हणजे माझं जाणं नाइलाजाचं नव्हतं, निवडीचं होतं. निवड करण्यात चूक काही नाही. माणसाला पंख पसरायचा हक्क आहेच, आणि बायकांना तर तो फार उशिरा मिळालाय. फक्त निवडीबरोबर उत्तरदायित्व येतं. भूक माणसाच्या वतीने उत्तर देते. निवडीचं उत्तर ज्याचं त्याला द्यावं लागतं.

मग देणं काय लागतं? कायमचं परत येणं? मला तसं वाटत नाही. ‘दोन-तीन वर्षांत येऊच की’ असं दर सुट्टीत म्हणणं आणि दर सुट्टीत विमानात बसणं, यात आईवडिलांची एक खोली रिकामी राहते आणि त्यांची आशा झिजत जाते. पाळता येणार नाही असं मोठं वचन देण्यापेक्षा पाळता येईल असं छोटं वचन द्यावं. ते कसं असावं, याचं उत्तर मला कालव्यात सापडतं.

टेंभूचं पाणी बारमाही वाहत नाही. आवर्तन येतं. कधी सुटणार, कुणाची पाळी कधी, यावर गावाचं वेळापत्रक चालतं. शेतकरी कालव्याकडून ‘मी कायम असेन’ असं ऐकायला बसलेला नसतो. त्याला तारीख हवी असते, आणि त्या तारखेला शेवटच्या रानापर्यंत पाणी पोहोचायला हवं असतं. वरच्यानेच सगळं पाणी घेतलं, तर टोकाचा माणूस कोरडाच राहतो. घरातल्या सुट्टीचंही तसंच आहे. सगळा गोडवा वरच्या वर आम्हीच पिऊन गेलो, तर टोकाला उभ्या असलेल्या वहिनीपर्यंत काय पोहोचणार?

म्हणून सुट्टीकडे पाळी म्हणून बघावं, असं मला वाटतं. आपली पाळी आहे हे मान्य करायचं. तीन आठवडे मिळाले तर त्यातला एक आठवडा मुक्कामाला आलेल्या पाहुण्याचा नाही, घर चालवणाऱ्याचा. गोळ्यांच्या वेळा, दवाखाना, रात्रीची हाक, मोटार चालू करायला पहाटे उठणं, हे सगळं त्या आठवड्यात आपलं. आणि निघायच्या आधी, रामाने हनुमानाला पाठवलं तसं, मागे राहणाऱ्यांना विचारायचं: पुढच्या वेळी मी कधी येऊ म्हणजे तुम्हाला बाहेर पडता येईल? तारीख त्यांची धरायची. मोहरमच्या चंद्राची धरतो तशी.

आपल्याकडे निरोप घेणाऱ्याचा एक शब्द आहे आणि देणाऱ्याचा एक. निघणारा म्हणतो ‘येतो’, उंबऱ्यात उभं असलेलं माणूस म्हणतं ‘जाऊन ये’. आम्ही परदेशी राहणाऱ्यांनी आयुष्यभर पहिलाच शब्द वापरला. दुसरा म्हणण्याची पाळी आमच्यावर येऊच दिली नाही. वहिनी पिशवी घेऊन एसटीला निघाली आहे आणि उंबऱ्यात उभं राहून आपण म्हणतोय, ‘जाऊन ये, घाई करू नकोस, मी आहे,’ हे ज्या सुट्टीत घडेल, त्या सुट्टीनंतरच्या विमानात ‘येते’ हा शब्द जरा हलका वाटेल.