अंजिराच्या झाडाला आणखी एक वर्ष

२०२५ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे मिळून आम्ही वसईहून अजिंठ्याला गेलो होतो. फर्दापूरच्या तिठ्यावर आपली बस सोडावी लागते आणि लेण्यांपर्यंत नेणाऱ्या दुसऱ्या गाडीसाठी रांगेत उभे राहावे लागते. त्या रांगेतच आमच्याबरोबरच्या मुलांमध्ये वाद पेटला. आमच्या शेजारच्या विरारचा पृथ्वी शॉ याने आदल्याच दिवशी महाराष्ट्राकडून खेळताना रणजी सामन्यात चंदीगडविरुद्ध २२२ धावा काढल्या होत्या. एक मुलगा म्हणत होता, "बघ, मी सांगत नव्हतो?" दुसरा म्हणाला, "आता काय उपयोग? त्याची गाडी गेली."

ज्याला अजून सव्वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती, त्याची गाडी गेली, असा निर्वाळा एक पंधरा वर्षांचा मुलगा निःशंकपणे देत होता. त्याला हसावेसे वाटले. पण हे वाक्य तो आम्हा वडीलधाऱ्यांकडूनच शिकला आहे, हे ध्यानात येऊन हसू ओठांतच राहिले.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात आम्ही पद्मपाणीच्या चित्रासमोर उभे राहिलो. तेथील मंद उजेडाला डोळे सरावेपर्यंत काही क्षण काहीच दिसत नाही. मग हळूहळू मुकुट, झुकलेली मान, हातातील कमळ उमटू लागते. तेथे मला या चित्रांच्या इतिहासातील एक प्रसंग आठवला. निजामाच्या राजवटीत, १९२० ते १९२२ या काळात, चित्रांच्या जतनासाठी इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे त्यांचे मोठे उपकार. परंतु रंग टिकावेत म्हणून त्यांनी चित्रांवर लाखेचा लेपही दिला. पुढे ती लाख पिवळी पडली, काळवंडली, काही ठिकाणी तडकली आणि सुटताना मूळ रंगाचे पापुद्रेही ओढू लागली. तो लेप हलक्या हाताने उतरविण्याचे काम भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना नंतर वर्षानुवर्षे करावे लागले. लेप देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. चित्रावर त्यांचे प्रेमच होते. तरीही इजा झाली ती त्या लेपानेच.

रांगेतला वाद आणि ही लाख, यांची सांगड माझ्या मनात तेथेच बसली. तरुण खेळाडूच्या बाबतीत आपण प्रेक्षक अधीर होतो, असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा डोळ्यांसमोर हुर्यो, शिव्याशाप आणि टीका येते. माझ्या मते ही अधीरता त्याच्या फार आधी, स्तुतीच्या वेळीच सुरू होते.

नोव्हेंबर २०१३मध्ये पृथ्वी शॉने हॅरिस ढाल स्पर्धेत एका डावात ५४६ धावा केल्या. तेव्हा तो नुकताच चौदा वर्षांचा झाला होता. सरावासाठी विरारहून वांद्र्याला लोकलने जाणारा, लहानपणीच आईला अंतरलेला हा मुलगा त्या दिवसापासून आपणा सर्वांचा झाला. "दुसरा सचिन" हे शब्द आपण किती सहज उच्चारले! फेब्रुवारी २०१८मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने एकोणीस वर्षांखालील मुलांचा विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत त्याने १३४ धावा केल्या. आमच्या गावात पेढे वाटले गेले. आपण आनंदलो, हे योग्यच झाले. परंतु त्या आनंदाबरोबर आपण त्याच्या अंगावर आपल्या अपेक्षांचा एक थर चढविला आणि खालचा मुलगा दिसेनासा झाला. यापुढे आपण पाहत होतो ती आपण दिलेली झिलई.

डिसेंबर २०२०मध्ये ॲडलेडला सामन्याच्या दुसऱ्याच चेंडूवर तो त्रिफळाबाद झाला. दुसऱ्या डावात चार धावांवर पुन्हा त्रिफळा. त्या डावात सारा संघ ३६ धावांत गारद झाला होता. तरी बॅट आणि पॅड यांच्यामधील फटीची चर्चा घरोघर झाली ती त्याचीच. मेलबर्नच्या पुढच्या कसोटीत सलामीची ती जागा शुभमन गिलला मिळाली. २०१८च्या त्या विश्वविजेत्या मुलांच्या संघात पृथ्वी कर्णधार, तर गिल उपकर्णधार होता. गिलने ४५ आणि नाबाद ३५ धावा केल्या आणि पुढच्या महिन्यात ब्रिस्बेनला ९१. २०२५मध्ये तो कसोटी संघाचा कर्णधार झाला आणि इंग्लंडमध्ये एकाच मालिकेत त्याने ७५४ धावा काढल्या. पृथ्वीने २०२१च्या विजय हजारे स्पर्धेत ८२७ धावांचा ढीग रचला, जानेवारी २०२३मध्ये आसामविरुद्ध ३७९ धावा केल्या. परंतु कसोटी खेळण्याची संधी त्याला पुन्हा मिळाली नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईच्या रणजी संघातूनही तो वगळला गेला आणि पुढच्याच महिन्यात आयपीएलच्या लिलावात त्याच्यावर कोणीच बोली लावली नाही. पुढच्या वर्षी तो महाराष्ट्राच्या संघात आला.

येथे कोणी म्हणेल, "मग निवड समितीने काय करावयास हवे होते? संघ म्हणजे अनाथाश्रम नव्हे." हा आक्षेप मी डावलू इच्छित नाही. सलामीच्या जागा दोनच. एका तरुणाविषयी आपण दाखविलेला प्रत्येक दिवसाचा धीर हा बाहेर बसलेल्या दुसऱ्या तरुणाच्या वाट्याचा एक दिवस असतो. ॲडलेडनंतर पृथ्वीलाच आणखी संधी दिली असती, तर मेलबर्नला गिल कोठे असता? ज्याला आपण सहनशीलता म्हणतो, ती पुष्कळदा आपल्या आवडत्याविषयीचा पक्षपात असते.

लेण्यांवरून छत्रपती संभाजीनगरकडे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादकडे परत येताना, शंभर किलोमीटरच्या त्या रस्त्यावर मी मुलांना याच भागातील एक गोष्ट सांगितली. डिसेंबर २००१मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत मराठवाड्यात जन्मलेल्या दोघांनी एकाच दिवशी पदार्पण केले: औरंगाबादचा वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दीकी आणि बीडचा, रेल्वेकडून खेळणारा संजय बांगर. दुसऱ्या डावात विजयासाठी केवळ पाच धावा हव्या होत्या, तेव्हा सिद्दीकीला चक्क सलामीला धाडण्यात आले आणि तो विजय मिळवूनच परतला. बांगर एकूण बारा कसोटी खेळला. लीड्सच्या अवघड खेळपट्टीवर २००२ साली त्याने काढलेल्या ६८ धावा जाणकार आजही आठवतात. सिद्दीकीच्या वाट्याला ती एकच कसोटी आली. त्याच्याविषयी अधीर होण्याइतकाही अवकाश आपल्याला मिळाला नाही.

आणि जो कधी आतच आला नाही, त्याचे काय? १९८८ साली आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शालेय सामन्यात ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसला होता अमोल मुझुमदार. त्याने मुंबईसाठी पहिल्याच रणजी सामन्यात २६० धावा केल्या, पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा जमविल्या. परंतु भारतासाठी तो एकदाही खेळला नाही. आमच्या सहलीनंतर थोड्याच दिवसांनी, २ नोव्हेंबर २०२५ रोजी, नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक हाच अमोल मुझुमदार होता. त्या रात्री त्याचे नाव सर्वांच्या तोंडी आले. परंतु मला वाटते, तो चषक मिळाला नसता, तरी त्याची वाट पाहण्याची वर्षे तेवढीच मोलाची ठरली असती. आपण मात्र चषक पाहिल्यावर ती मोजली.

म्हणजे प्रश्न किती दिवस थांबावे, हा नाहीच. पाच सामने की दहा, हा हिशेब निवड समितीचा. तो त्यांनी चोख आणि निर्भीडपणे करावा. प्रेक्षकाच्या धीराची जागा वेगळी आहे. एखाद्याला संघाबाहेर काढणे ही एक गोष्ट आणि मनाबाहेर काढणे ही दुसरी. पहिली न्यायाने होऊ शकते, कधीकधी ती करावीच लागते. दुसरीला कोणताही न्याय लागू होत नाही. तिथे आपण आपल्या निराशेचे ओझे त्याच्या डोक्यावर देऊन मोकळे होतो. सामना हरल्याचे दुःख आपले असते. ते आपले आपण सोसणे, एवढीच प्रेक्षकाच्या सहनशीलतेची साधी व्याख्या मला सुचते.

संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दाखला आपण जाणतो. मालक तीन वर्षे फळ शोधत येतो आणि शेवटी झाड तोडून टाकावयास सांगतो. त्याचे म्हणणे अन्यायाचे नाही. ते झाड जमीन अडवून बसले आहे, तिथे दुसरे झाड वाढू शकले असते. माळी हे नाकारत नाही. झाडाला फळे आहेत, असे खोटेही तो बोलत नाही. तो केवळ आणखी एक वर्ष मागतो आणि त्या वर्षात आपण भोवती खणू, खत घालू, असे सांगतो. त्याचा धीर हा हात बांधून बसलेल्या माणसाचा धीर नव्हे. वर्षाची मुदतही तो मान्य करतो. सत्य, श्रम आणि मुदत, ही तिन्ही त्या धीरात आहेत. नाही तो फक्त तिरस्कार.

आपण प्रेक्षकांनी काय खणावे? फार थोडे, पण काहीतरी नक्कीच. फलंदाजाच्या तंत्रातील दोष आणि त्याच्या स्वभावातील दोष यांची गल्लत न करणे, हे एक. पहिल्या शतकाला देव न करणे आणि पहिल्या शून्याला चोर न ठरविणे, हे दुसरे. आणि ज्याला वगळले, त्याच्या नंतरच्या खेळाचीही विचारपूस ठेवणे, हे तिसरे.

हे सारे लिहिताना माझी लेखणी अडखळते आहे, आणि तिचे कारण सांगितल्याखेरीज हा लेख प्रामाणिक ठरणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या परिसरातील एका स्पर्धेत आमच्या संघाने नेहमीच्या जाणत्या सलामीवीराऐवजी एका सतरा वर्षांच्या मुलाला पाठविले. पहिल्या सामन्यात तो शून्यावर बाद झाला, दुसऱ्यातही. तो मान खाली घालून परतत असता मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "ह्याला घेतलं कुणी?" आजूबाजूचे हसले. मागे वळून पाहिले, तर त्या मुलाचे वडील उभे होते. ते काहीच बोलले नाहीत. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. पुढच्या रविवारी मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनीच माझ्याकडे वळून हात जोडले. मीही जोडले. क्षमा मागण्याचे शब्द मात्र मजपाशी नव्हते, आणि ते मी नंतरही बोलून दाखविले नाहीत. पुढच्या वर्षी तो मुलगा संघात नव्हता. त्याच्याहून चांगला खेळणारा मिळाला म्हणून, की माझ्यासारख्यांच्या जिभेमुळे, हे विचारण्याचे धैर्य मला झालेले नाही.

बसमध्ये तो पंधरा वर्षांचा मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "अंकल, मग तुम्हीच सांगा, पृथ्वीला परत घ्यायला हवं की नको?" मी म्हणालो, "ते मला ठाऊक नाही रे. आज सलामीला त्याच्याहून चांगले कोणी असतील, तर त्यांनाच घ्यावं. पण त्याची गाडी गेली, असं आपण म्हणू नये. ती गाडी आपली नाही, आणि स्टेशनमास्तरही आपण नाही." तो हसला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

त्या अंजिराच्या झाडाला पुढे फळे आली की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. दाखला माळ्याच्या विनंतीपाशीच थांबतो. मालकाने ती मान्य केली का, हेही त्यात नाही. लहानपणी मला हे अपुरे वाटत असे. आता वाटते, ते उत्तर आपल्यावर सोपविलेले असावे. माझ्या वाट्याचे उत्तर मैदानाच्या त्या दुसऱ्या टोकाला उभे आहे, आणि तिथवर चालत जाणे अद्याप बाकी आहे.