अबोला

1972 चा दुष्काळ सरला आणि पुढच्याच पावसाळ्यात माझी धाकटी बहीण तापानं गेली. नऊ वर्षांची होती. आम्ही तेव्हा दौंडला रेल्वेच्या चाळीत राहायचो. अकरा दिवस आई तिच्या उशाशी गुडघे टेकून होती. बाराव्या दिवशी माती देऊन आल्यावर तिनं पवित्र शास्त्र फडक्यात गुंडाळलं आणि ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या साडीखाली ठेवून दिलं.

त्यानंतर जेवणाआधीची प्रार्थना वडील करायचे. आई उघड्या डोळ्यांनी भाकरीकडे बघत राहायची. रविवारी आम्ही उपासनेला निघालो की ती कपडे धुवायला काढायची. पाळकसाहेब दोनदा येऊन गेले, देवाच्या योजनेबद्दल बोलले. आईनं चहा दिला, शब्द दिला नाही. पाळकसाहेबांचं म्हणणं खरं असेल. पण मूल गेलेल्या घरात पहिल्याच महिन्यात ते बोलू नये, असं मला आजही वाटतं.

मग एका दुपारी मंडळीतली आजी आली. नात्यानं आमची कोणी नव्हती. तिची आई 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात आलेली पोर. तिथल्या छापखान्यात ती खिळे जुळवायला शिकली. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं मराठी करत होत्या. खेड्यातल्या बाईला वाचता यावं, समजावं, एवढं साधं मराठी.

आजी सूप पुढ्यात ओढून आईबरोबर शेंगा फोडायला बसली. बराच वेळ दोघी गप्प होत्या. शेवटी आईच म्हणाली, "आजी, मी त्याला कधी सोडलं नव्हतं. त्यानं सोडलं. दोघांतल्या एकानं मोडल्यावर नातं उरतं कुठे?"

आजीनं समजूत घातली नाही. ती म्हणाली, "आमच्या बाईंचीही एकुलती एक लेक गेली. मनोरमा."

आईचे हात थांबले.

"बाई विलायतेला गेल्या तेव्हा ती कडेवर होती. 1883 साली वाँटेजला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. पुढं बाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय, की तेव्हा ख्रिस्ती धर्म हाती आला होता, ख्रिस्त आला नव्हता. तो भेटायला आणखी आठेक वर्षं गेली. आता तूच सांग पोरी, ती आठ वर्षं त्यानं बाईंना टाकलं होतं का?"

आई काही बोलली नाही.

"नव्हतं टाकलं. बाईंची नीट ओळख होईपर्यंत त्यानं वाट पाहिली. मग 1921 साली मनोरमा गेली. आईचा उजवा हात होती ती. का नेली, ते कुणाला कळलं? तेव्हा वाट पाहायची पाळी बाईंची होती. माझी आई सांगायची, छापखाना थांबला नाही, भाषांतर थांबलं नाही. पुढच्या वर्षी एप्रिलच्या 5 तारखेला बाई गेल्या, तेव्हा काम पुरं झालं होतं. छापील पुस्तक 1924 ला निघालं. ते बघायला ना माय होती, ना लेक."

"मी रमाबाई नाही," आई म्हणाली. "मला नाही जमत."

"तुला कोण रमाबाई हो म्हणतंय? तू रागाव. पण त्याच्यावर, त्याच्या तोंडावर रागाव. नवऱ्याशी भांडणारी बाई अजून त्याच्या घरात असते गं. तुझा तर अबोला चाललाय."

आजीनं मला ट्रंक उघडायला लावली. लग्नाची साडी बाजूला करून मी पुस्तक काढलं. तिनं 88 वं स्तोत्र उघडून आईच्या मांडीवर ठेवलं, शेंगांची टरफलं पदरात भरली आणि सलाम करून निघून गेली.

ते स्तोत्र वेगळंच आहे. विलापाची बहुतेक स्तोत्रं रडता रडता कुठेतरी आशेपाशी पोचतात. हे पोचत नाही. देवाला हाक मारून सुरू होतं आणि अंधारात संपतं. शेवटी ना उत्तर, ना दिलासा. तरीही आपल्या पूर्वजांनी ते शास्त्रातून काढून टाकलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण ते म्हणणारा माणूस शेवटच्या ओळीपर्यंत देवाशीच बोलतो आहे. तोंड फिरवून दुसऱ्या कुणाकडे त्याची तक्रार सांगत नाही.

त्या रात्री दिवा मोठा करून आईनं ते मोठ्यानं वाचलं. मध्येच तिचा आवाज चढला, शेजारी जागे होतील इतका. वडील उठून बसले, पण त्यांनी तिला थांबवलं नाही. स्तोत्र संपल्यावर ती पुढे आपल्याच शब्दांत बोलू लागली. बहिणीचं नाव घेऊन विचारत होती. दोन महिन्यांत देवाशी ती पहिल्यांदाच बोलत होती.

रविवारी ती आमच्याबरोबर आली. शेवटच्या बाकावर बसली. गायली नाही, आणि प्रभुभोजनाला उठलीही नाही. त्याला पुढे नाताळ उजाडला. तिचं दुःख गेलं असं मी म्हणणार नाही; म्हातारपणीही शेंगा फोडताना तिचे हात मध्येच थांबायचे. पण पुस्तक पुन्हा ट्रंकेत गेलं नाही.

तुमच्याही घरात देवाशी असा अबोला चालू असेल, तर आज रात्री 88 वं स्तोत्र उघडा. मनात वाचू नका, मोठ्यानं वाचा.