पर्वतावरचा धूर

पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथं अग्नी असला पाहिजे. न्यायशास्त्राची पहिली पायरी चढणाऱ्यालाही हा दृष्टांत पाठ असतो. धुक्यालाच धूर समजलं तर काय, ही शंकाही नैयायिकांनी सोडली नव्हती. वीजजाळ्याच्या नियंत्रण कक्षातल्या माणसाचं सारं काम या शंकेच्या छायेत चालतं. शेकडो मैलांच्या लाइन्स त्याला दिसत नाहीत. दिसतात पडद्यावरचे आकडे. त्यातले बरेचसे थेट मोजलेलेही नसतात. एमआयटीच्या फ्रेड श्वेपे यांनी १९७०मध्ये मांडलेली ‘स्टेट एस्टिमेशन’ पद्धत हाती आलेली मापं एकमेकांशी ताडून पाहते, न जुळणारी वगळते आणि जाळ्याची बहुधा काय स्थिती असेल ते सांगते. म्हणजे अनुमानच.

१४ ऑगस्ट २००३. ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी प्रणाली दुपारी सव्वादोनच्या सुमारास बंद पडली. ती बंद पडल्याचं कुणाला कळलंच नाही. त्याच दुपारी त्या विभागाच्या समन्वय केंद्रात एका तज्ज्ञानं स्टेट एस्टिमेटरमधली चूक दुरुस्त केली, पण एस्टिमेटर आपोआप चालवण्याची सोय पुन्हा सुरू करायला विसरला आणि जेवायला गेला. तीननंतर ३४५ किलोव्होल्टच्या तीन लाइन्स लोंबून न छाटलेल्या झाडांना टेकल्या आणि एकामागून एक ट्रिप झाल्या. बाहेरून फोन येत होते. पडदा मात्र निवांत होता, आणि माणसांनी पडद्याचं ऐकलं. सव्वाचारपर्यंत अमेरिका-कॅनडातल्या सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली होती.

हा अजाणता घडलेला हेत्वाभास, म्हणजे फसव्या खुणेवरून काढलेला निष्कर्ष. पण कुणी मुद्दाम धूर केला तर? २००९मध्ये याओ लिऊ, पेंग निंग आणि मायकेल रायटर यांनी दाखवलं, की जाळ्याची रचना ठाऊक असलेला हल्लेखोर निवडक मापं अशी बदलू शकतो, की खोटी मापंही आपसात चोख जुळावीत. पढवलेले साक्षीदार उलटतपासणीत अडखळत नाहीत, तसंच हे. मला हा शोध या साऱ्या विषयातला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. आपण ज्याला खात्री म्हणतो, ती बहुतेक वेळा नुसती सुसंगती असते.

मग अनुमान सोडून प्रत्यक्षाकडे वळावं? व्हर्जिनिया टेकमध्ये अरुण फडके आणि जेम्स थॉर्प यांच्या चमूनं १९८८मध्ये त्यासाठीचं उपकरण घडवलं: पीएमयू, म्हणजे फेझर मेजरमेंट युनिट. दूरदूरच्या उपकेंद्रांतल्या व्होल्टेजचे कोन ते एकाच घड्याळानं, सेकंदाच्या दशलक्षांश भागाइतक्या नेमकेपणानं मोजतं. पण हे घड्याळही जीपीएस उपग्रहांच्या संकेतावर चालतं, आणि तो संकेत नकली करता येतो. प्रत्यक्षही शेवटी आप्तवाक्यावर, म्हणजे दुसऱ्याच्या शब्दावरच टेकलेलं!

२३ डिसेंबर २०१५ रोजी पश्चिम युक्रेनमधल्या वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी हॅकरांच्या हल्ल्यात पडद्यावरचा कर्सर आपोआप सरकताना आणि ब्रेकर उघडताना पाहिला. सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली. मग माणसं उपकेंद्रांवर धावली, त्यांनी ब्रेकर हातानं लावले आणि काही तासांत पुरवठा सुरू झाला. हातानं चालवायची सोय जिथं काटकसर म्हणून काढून टाकली आहे, तिथं हे इतक्या लवकर जमलं नसतं.